फुगवट्यावरची फेरी

नेकनूरच्या बसस्टँडमागं जीवनचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाणबुडी मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढून नवी भरायची, वार्निश मारून वाळत ठेवायची, असा त्याचा साधा, सरळ धंदा. पण दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी एका फेरीबोटीचा मोठा फोटो लावलेला होता. नवं गिऱ्हाईक त्याकडं बघून हमखास विचारी, "हे जहाज कुठलं?" मग जीवन हातातला पाना खाली ठेवायचा.

"जहाज न्हाई, फेरीबोट. जहाज लांब जातं. ही ह्या काठावरनं त्या काठाला. एष्टीच समजा, पाण्यावरची."

हे वेड त्याला लग्नाच्या वर्षी लागलं. योगिताला घेऊन तो कोकणात गेला होता आणि दाभोळच्या खाडीवर त्यानं पहिल्यांदा फेरीबोट बघितली. तोंड उघडून ती धक्क्याला टेकली, पोटातून मोटारसायकली, एक टेम्पो आणि अख्खं लग्नाचं वऱ्हाड बाहेर आलं, आणि तेवढीच माणसं पुन्हा आत गेली. पलीकडं उतरल्यावर योगिता म्हणाली, "चला, झालं." जीवन म्हणाला, "आणखी एकदा." त्या दिवशी ती दोघं अंधार पडेस्तोवर ह्या काठाहून त्या काठाला करत राहिली.

तेव्हापासून दर दिवाळीनंतर दुकान बंद करून तो कोकण गाठायचा. वेसवीहून बागमांडला, आगरदांड्याहून दिघी, जयगडाहून तवसाळ, जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या, मालवणातून सिंधुदुर्ग, सगळं करून झालं, काही तर पुन्हा पुन्हा. इंजिनाच्या आवाजावरून त्याला कळायचं, बोट रिकामी येते आहे की भरलेली. भरतीचं गणित तिथं बोटी चालवणाऱ्या तांडेलांनी शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बीड जिल्ह्यात ह्या विद्येचा काडीचा उपयोग नव्हता, पण सकाळी कॅलेंडरवर नजर गेली की जीवन मनातल्या मनात भरती काढायचाच.

"लोक देवाला जातेत, आमी जेट्टीला," योगिता माहेरी सांगायची.

जीवनची थोरली बहीण कडूबाई माजलगाव धरणाच्या फुगवट्यावर, बोरतळवाडीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिचा नवरा त्रिंबक शेळ्या राखायचा. धरण भरलं तेव्हा गावासमोरची एक टेकडी पाण्यानं वेढली गेली आणि तिचं बेट झालं. गाव त्याला नुसतं 'टेक' म्हणतं. हिवाळ्यात इकडचं रान वाळून जायचं, पण टेकावर गवत टिकायचं. त्रिंबक शेळ्या तिकडं न्यायचा, त्या थर्माकोलचे ठोकळे बांधलेल्या चप्पूवरून. एकदा कडूबाई भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन त्या हलत्या चप्पूवर बसलेली जीवननं बघितली आणि तेव्हापासून तो तिच्यासाठी होडी शोधायला लागला.

कोकणातल्या एका लहान खाडीवर पूल झाला होता. तिथली माणसं ने-आण करणारी लाकडी होडी काठावर पालथी पडून होती. जीवननं ती पावसाळ्याअखेर टेम्पोत घालून घाटावर आणली, पंपाचं जुनं डिझेल इंजिन तिला स्वतः बसवलं, आणि फुगवट्यात सोडली. त्रिंबकनं नारळ फोडला. कडूबाईनं होडीला हळदीकुंकू लावलं आणि भावाच्या तोंडावरून हात फिरवला. आपल्या जिल्ह्यात, आपल्या माणसांची फेरी सुरू झाली, म्हणून जीवन पुढं कितीतरी दिवस खुशीत होता.

पौषात कडूबाईचा फोन आला.

"जीवन, नाव कोरड्यात पडती रे."

"म्हंजे?"

"सांजच्याला पाण्यात बांधून येतेत हे. सकाळी बघावं तर चिखलात. पाणी पार लांब. आन् दुपारपस्तोर पुन्ना हाय तिथं पाणी."

"कुणीतरी वढत असंल आक्का. चेष्टा."

"कोण वढील? निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. उरलेत ते म्हातारे. ह्यास्नी सांगितलं तर नुसते हसतेत. तू ये. परवा अमावस्या हाय, टेकावर आसरांचा निवद करायचाय. योगितालाबी आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं मोटारसायकलवर निघाले. बीड, मग वडवणी, पुढं डांबरी सोडून कापसाच्या वाळलेल्या रानांतून बोरतळवाडी. दारोदार कुलपं होती. जीवन घरी न टेकता सरळ पाण्यावर गेला.

होडी चिखलात एका अंगावर कलंडून पडली होती. तिच्यापासून पाणी चांगलं लांब होतं, आणि मधल्या उतारावर ओली, चकचकीत पट्टी होती. जीवन तिथंच उभा राहिला. अशी पट्टी त्यानं पूर्वी शेकडो वेळा बघितली होती, पण इथं नाही.

"दाजी, कालव्याला पाणी सोडलंय का?"

त्रिंबक बाभळीखाली बसून तंबाखू मळत होता. उंच, सडपातळ, अंगावर मळकं पटकूर, कमी बोलणारा माणूस. "सोडलं तर उतरंल. परत कसं चढंल, जीवनराव?" म्हणाला, आणि खरंच हसला.

ह्या काठाला ठेवलेल्या दोन-तीन पाटी, तरण्या शेळ्या, होडीला तोंड लावून उभ्या होत्या. त्या फळ्या चाटत होत्या, घाईघाईनं, एकमेकींना रेटून.

"रोज चाटतेत," त्रिंबक म्हणाला. "लाकूड गोड असंल."

शेळ्या कशाला चाटतात हे जीवनला माहीत होतं. त्यानं ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. गोडं, नेहमीचं. मग कुणाचं लक्ष नाही बघून बोट फळीवर फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. जन्मभर खाडीत मुरलेलं लाकूड आहे, एवढ्यात कसं निघेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. ते पटण्यासारखंही होतं.

त्यानं एक तुराटी पाण्याच्या कडेला रोवली आणि दगडावर बसला. वारा नव्हता. पलीकडच्या काठावरच्या म्हशीदेखील पाण्यात स्पष्ट उलट्या दिसत होत्या. पाणी आधी तुराटीच्या बुडाला लागलं. मग तुराटी पाण्यात उभी होती. मग तिचा नुसता शेंडा उरला. कुठं लाट नाही, आवाज नाही. गावात दिवे लागले तेव्हा होडी चिखलातून सुटली, हळूच सरळ झाली आणि दोरीला ताण देऊन उभी राहिली.

घरी कडूबाईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं तिथी बघितली. चतुर्दशी. पाऊणपट करायला क्षणसुद्धा लागला नाही. सगळं जुळत होतं.

योगिता ओसरीवर लसूण सोलत होती. तो तिच्याजवळ बसून हळूच म्हणाला, "ही भरती हाय."

ती हसली. "समुद्र कुठं, आपण कुठं."

"तेच म्हणतोय मी."

त्याच्या तोंडाकडं बघून तिचं हसू थांबलं.

सकाळी त्यानं बहिणीला साफ सांगितलं, टेकावर जायला नको. अमावस्येला उधाण असतं, पाणी जेवढं चढेल तेवढंच उतरेल. कडूबाई पुरण वाटत होती. "माज्या सासूनं कदी चुकवला न्हाई निवद, मी चुकवू? आन् बाकीच्या शेळ्या तिकडंच हायत की." शेवटी एवढंच ठरलं की जेवणं उरकून लगेच निघायचं, दुपार कलायच्या आत.

स्वयंपाकाला उशीर झालाच. उन्हं डोक्यावर आली तेव्हा चौघं पाण्यावर पोचले. पाणी बाभळीच्या मुळात आलं होतं. ते तिथवर आलेलं पावसाळ्यातही कुणी बघितलं नव्हतं. त्रिंबकनं सुकाणू जीवनच्या हाती दिलं. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं, काठ मागं सरकला, आणि खरं सांगायचं तर तेवढ्या वेळापुरता जीवन सगळं विसरला. थंड वारा, पायाखाली थरथरणाऱ्या फळ्या, समोर जवळ येणारं हिरवं टेक. योगिता त्याच्याकडं बघून हसली. कडूबाई पदराखाली निवदाची टोपली धरून डोळे मिटून बसली होती.

टेकाला लागल्यावर त्रिंबकनं दोरी पाण्यात हात घालून कशाला तरी बांधली. जीवननं वाकून बघितलं. लोखंडी कडं होतं, मनगटाएवढं जाड, दोरीनं एका बाजूला झिजलेलं.

"धरणात गेलेल्या गावाचं असंल," त्रिंबक म्हणाला.

कड्यापासून वर टेकाच्या माथ्यापर्यंत पायवाट झाडून काढलेली होती. काटे बाजूला, दगड दोन्हीकडं नीट लावलेले.

"हे कुणी केलं, दाजी?"

"म्याच. येणाराजाणाराला बरं."

"हितं कोण येतंय जातंय?"

त्रिंबक शेळ्यांना हाका मारत पुढं गेला.

माथ्याखाली बोरीच्या झाडाशी शेंदूर लावलेले सात दगड होते, पाण्यात राहणाऱ्या सात आसरांचे. कडूबाईनं दहीभात, पुरण, हिरव्या बांगड्या मांडल्या, पदर पसरला. मग तिथंच जेवणं झाली. जीवन सारखा पाण्याकडं बघत होता. निघायची वेळ झाली तेव्हा एक पाट आडवी होऊन कण्हायला लागली. पहिलटकरीण होती आणि पिल्लू आडवं आलं होतं. त्रिंबक बाह्या सारून बसला. तिला तशी टाकून जाणं कुणालाच शक्य नव्हतं. कडूबाई तिच्या पोटावरून तेल फिरवत राहिली, योगिता पाणी तापवायला लागली, आणि उन्हं पिवळी होऊन गवतावर लांबत गेली. पिल्लू बाहेर येऊन धडपडत उभं राहिलं तेव्हा सूर्य पलीकडच्या डोंगराजवळ टेकत आला होता.

जीवन खाली धावला.

पाणी गेलं होतं. होडी कड्याला दोरीनं अडकून पायऱ्यांवर तिरकी पडली होती. होय, पायऱ्या होत्या. कड्यापासून खाली, रुंद, एकसारख्या, पाण्यापर्यंत. दोन्ही बाजूला बांधीव भिंत. त्यानं असा धक्का ओळखला नसता तर नवल. पण तो जागीच थबकला तो दगडामुळं. दगड तांबडा होता. छिद्राछिद्रांचा, ओलसर. तो खाली बसला, नखानं उकरलं, लाल माती बोटाला लागली.

जांभा. बीड जिल्ह्यात जिकडं खणाल तिकडं काळा पाषाण निघतो. जांभा असतो तो सह्याद्रीच्या पलीकडं, खाली.

भिंतीला हिरवं शेवाळ लोंबत होतं आणि त्यात कालवं चिकटलेली होती, धारदार, एकावर एक. त्यानं एकाला हात लावला. शिंपला मिटला.

तो वर पळत आला. "आक्का, नाव अडकलीय. पाणी यिस्तोवर निघता येत न्हाई."

"मग थांबू," कडूबाई म्हणाली. तिनं मावळतीकडं बघितलं, आणि तिचा चेहरा बदलला. "पाण्याकडं पाठ करून बसा. दोघंबी. दिवस टेकला की आसरा निघतेत. त्यास्नी बघू न्हाई."

"वन्सं, असं काय करताव," योगिता म्हणाली, पण बसली. जीवन तिच्याशेजारी बसला, पलीकडं कडूबाई. तोंडं बोरीकडं, पाठी धक्क्याकडं. त्रिंबक पिल्लू पुसत मागंच उभा होता.

तेवढ्यात भोंगा झाला.

एक लांब भोंगा, थोडा घोगरा, शेवटी खाली उतरणारा. खाडीच्या तोंडाशी आत शिरताना फेरीबोट देते तसा. योगितानं जीवनचा हात घट्ट धरला. म्हणजे तिलाही ऐकू आला होता.

"आली," त्रिंबक म्हणाला.

त्यानं पिल्लू खाली ठेवलं. हात झटकले, टोपी नीट केली. पायवाटेवरून त्याची पावलं खाली जाताना ऐकू आली.

"आवो!" कडूबाई ओरडली. मान न वळवता. "आवो, बसा हितं! तुमाला माजी आन हाय!"

पावलं थांबली नाहीत.

मग इंजिनाचा आवाज. लांबून, मग जवळून. जीवन डोळे गच्च मिटून ऐकत होता आणि त्याला सगळं दिसत होतं. आता वेग कमी केला. आता मागं घेतलं, पाणी उसळलं. लाकूड दगडाला घासलं. साखळीचा खळखळाट, आणि जड फळी धक्क्यावर पडल्याचा दणका. तो पायाखालच्या जमिनीतून त्याच्या मांड्यांपर्यंत आला.

आयुष्यात कुठलीच बोट बघावीशी वाटली नसेल इतकी ही वाटत होती. मान आपोआप वळायला लागली. योगितानं दुसरा हात त्याच्या गालावर ठेवून ती समोर दाबून धरली.

खालून त्रिंबकचा आवाज आला. "टाका दोर. टाका, धरतो मी." मग, मऊ आवाजात, "सावकाश. शेवाळ हाय. पाय बघून टाका."

पावलं वर यायला लागली.

बरीच होती. ओल्या चपलांची, अनवाणी, काठी टेकत येणारी. कुणी खोकलं. बायकांची कुजबुज, पण शब्द कळत नव्हते. मासळीचा आणि डिझेलचा वास आला. शेळ्या सगळ्या एका ओळीत उभ्या राहून पायवाटेकडं बघत होत्या.

जीवननं डोळे उघडले ते समोर, गवतावर. सूर्य पाठीमागं होता. त्या तिघांच्या सावल्या पुढं लांब पडल्या होत्या. आणि त्यांच्या बाजूनं दुसऱ्या सावल्या सरकत होत्या. डोक्यावर बोचकं घेतलेली. कडेवर मूल असलेली. एकामागं एक, न थांबता.

मग एक थांबली.

बरोबर योगिताच्या मागं. बाईची होती. वाकली. तिची सावली योगिताच्या सावलीत मिसळली आणि दोन्हींची एक झाली.

योगितानं जीवनच्या हातात नखं रुतवली.

कडूबाई ओठातल्या ओठात सात आसरांची नावं घेत होती.

सूर्य डोंगराआड गेला. गवतावर कुठलीच सावली राहिली नाही.

कितीतरी वेळानं भोंगा पुन्हा झाला, लांब जाऊन विरला. त्यानंतर पाण्याचा चुळचुळाट सुरू झाला. भरती लागली होती.

"चला," मागून त्रिंबक म्हणाला, "नाव सुटली."

धक्का दिसत नव्हता. कड्यापर्यंत पाणी आलं होतं आणि होडी त्यावर उभी होती. टेकावर माणूस नव्हतं. जीवननं आता चारी बाजूंना बघितलं, मुद्दाम, टॉर्च फिरवून. गवत, शेळ्या, बोरीखालचे दगड. त्यानं दोघींना होडीत बसवलं, आणि स्वतः पाय टाकला तेव्हाच त्याला कळलं.

होडी खोल बसली होती. येताना चौघांना घेऊन तिच्या काठाखाली चांगला हातभर लाकूड पाण्यावर होतं. आता बोटं खाली सोडली तर पाण्याला लागत होती. तळाला पाणी भरलं असेल म्हणून त्यानं टॉर्च मारला. तळ कोरडा होता.

"जरा सरका, जीवनराव," सुकाणूवरून त्रिंबक म्हणाला. "जागा द्या."

बाजूची फळी रिकामी होती. जीवन सरकला.

इंजिन भरल्या बोटीसारखं कण्हत चाललं. योगितानं डोकं गुडघ्यांत घातलं होतं. एकदा पाणी काठावरून आत आलं तेव्हा त्रिंबकनं वेग कमी केला आणि पुढच्या रिकाम्या फळ्यांकडं बघून, लहान पोरांना दटावावं तसं, "हलू नका," म्हणाला.

गावचा काठ लागल्याबरोबर जीवननं दोघींना हाताला धरून उतरवलं, बाभळीपर्यंत नेलं, आणि मग वळून बघितलं.

त्रिंबक होडीच्या तोंडाशी उभा होता. एक हात पुढं केलेला, एखाद्याला उतरायला आधार द्यावा तसा. होडी काठाकडं थोडी कलली, सरळ झाली, आणि जराशी वर आली. पुन्हा कलली. पुन्हा वर. दर खेपेला त्रिंबकचा हात थोडा खाली जायचा, जणू त्यावर कुणाचा भार पडला आहे. एकदा तो वाकला आणि दोन्ही हातांनी काहीतरी उचलून काठावर ठेवलं, हळू, पडणार नाही असं.

शेवटी होडी रिकाम्या होडीसारखी डुलायला लागली. त्रिंबकनं दोरी बांधली आणि गावाच्या वाटेकडं बघत उभा राहिला.

"मी हितं ऱ्हात न्हाई," कडूबाई म्हणाली.

नवऱ्याला तिनं हात जोडून विनवलं, तुमीबी चला. तो म्हणाला, शेळ्या कुणावर टाकू? रागावला नाही, वाईट वाटल्यासारखंही दिसलं नाही. "जा की. चार दिस ऱ्हा भावाकडं," म्हणाला. काय बघितलं हे त्यानं सांगितलं नाही आणि जीवननंही विचारलं नाही. तिघं एकाच मोटारसायकलवर त्याच पावली निघाले. वडवणीचे दिवे दिसेपर्यंत योगिता मागून सारखी म्हणत होती, "थांबू नका."

ती काही दिवस तापानं पडली. पाठीवर गार लागतंय म्हणायची, दोन गोधड्या घातल्या तरी. मग हळूहळू बरी झाली. दुकानात मोटारी येत राहिल्या. कडूबाई नेकनूरच्या घरात रुळली, पण नवऱ्याचा विषय निघाला की डोळ्याला पदर लावायची.

त्रिंबकचा फोन अधूनमधून लागायचा. पाणी आता उतरत नाही, म्हणायचा. होडी बांधली तिथंच असते. पाट आणि पिल्लू झकास. "तुमी नका काळजी करू," त्याचा आवाज पूर्वीपेक्षा मोकळा, जरा आनंदीच वाटायचा. घरी या म्हटलं की, "येतो की सवडीनं. फेऱ्या लई झाल्यात सध्या," म्हणायचा. कसल्या फेऱ्या, हे विचारायचा धीर जीवनला झाला नाही.

एका संध्याकाळी कडूबाई अंगणात मेथी निवडत होती. म्हणाली, "लाव रे जरा त्यास्नी. दोन दिस झाले आवाज न्हाई ऐकला."

जीवननं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"ते होडीवर गेलेत हो," बाईचा आवाज आला. शांत, हेल काढून बोलणारा, घाटाखालचा. "येतील एवढ्यात."

जीवननं बहिणीकडं पाठ केली. "तुम्ही कोण?"

"मी घरातलीच," ती म्हणाली.

फोन कानाला तसाच धरून तो उभा राहिला.

"काय म्हणतेत?" कडूबाईनं विचारलं.

"नावंवर गेलेत, आक्का."

"व्हय का." तिनं मेथीची जुडी झटकली आणि पुन्हा खाली मान घातली. "पोटाला काय करत असतेल कुणाला ठावं. त्यास्नी साधी भाकरबी येत न्हाई करायला."

फोन अजून चालू होता. पलीकडून परातीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.